डोईमागं अर्धा एकर

सातबाऱ्यावर वीसेक एकर जमीन आणि होळीच्या आत बाजरी विकत आणायची पाळी, अशी आमच्या घरची श्रीमंती होती. वीसातला मोठा तुकडा पोटखराबा. उरलेलं रान मुरमाड, वीतभर खणलं की कुदळ खणखणणारं. ओढ्याकडेची चारपाच एकरं काय ती काळी म्हणावी अशी. माळावर हुलगा-मटकी फेकायची. आली तर पदरात, नाही तर मेंढरांची. त्या माळाकडून काही मागायचं असतं हेच घरात कुणाच्या ध्यानात नव्हतं, असं थोरले चुलते, म्हणजे आमचे आप्पा, सांगतात.

पुरंदर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं किल्ला येतो, नारायणपूर येतं, पावसाळ्यातले हिरवे डोंगर येतात. तो पश्चिमेकडचा पुरंदर. सासवड मागं टाकून भुलेश्वराच्या बाजूला निघालं की पाच-दहा मैलांत पाऊस निम्मा होतो. वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही कधी दोन रात्रींत सगळा. मग ओढा तासाभरात अंगावर येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गोटे उघडे. सासवडच्या आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असं नाव दिलं. आप्पांचं त्यावर एकच म्हणणं असायचं, की साहेबांनी पाणी तरी बघितलं, आमच्या वाट्याला नुसती कऱ्हा.

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘खाली’ हा शब्द सारखा येई. खाली म्हणजे नीरेकाठ. नीरेचा डावा कालवा वीरपासून सुटतो आणि वीर आमच्याच तालुक्यात. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळानं सरकारला जाग आणली आणि 1885 च्या सुमारास त्या कालव्याला पाणी सुटलं. पण पाणी उताराचं ऐकतं. ते बारामतीकडं, इंदापूरकडं गेलं, आणि तालुक्याची पूर्वेकडची उंच अंगं आहेत तशी राहिली. आजोबांचे वडील आणि त्यांची भावंडं खाली उसाच्या खुरपणीला, तोडीला जायची. तिथं पाटाला अखंड पाणी बघून ती हरखून यायची, आणि येताना एक गोष्ट सांगायची: तिकडं ऊस कुठं लावायचा हे रानाचा धनी ठरवत नाही, इंजिनिअर ठरवतो. त्यात तथ्य होतं. शतक पालटायच्या सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत मांडली. रानाचे गट पाडायचे, गटातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं. पाणी थोडं आणि मागणारे फार, तेव्हा वाटायचं कसं, हा प्रश्न कालव्यावरही सुटलेला नव्हता. आमच्याकडं तर तो पडायलाही पाणी लागलं असतं.

जोतिराव फुल्यांच्या घराण्याचं खानवडी हे गाव पुरंदरातलंच. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 सालचा. त्यात त्यांनी सरकारला अगदी कोरडा सल्ला दिला आहे: रिकाम्या लष्करी आणि पोलिसी मनुष्यबळाकडून जागोजाग तालीवजा बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मगच ओढ्या-नाल्याला जाईल, माती धुपायची थांबेल, विहिरींना झरे राहतील. पाणलोट क्षेत्र हा शब्द सरकारी कागदात यायच्या कितीतरी आधी या माणसाला पाण्याचा सगळा प्रवास कळलेला होता. आमच्याकडं ताली होत्याही. आजोबांनी दाखवलेली एक ताल अजून आहे. उताराला आडवी, मोठाले दगड खाली, त्यावर चिपा, मागं धरलेली माती पुरुषभर. बांधणाराचं नाव कुणाला ठाऊक नाही. अख्ख्या माळावर ती एकटीच, कारण ताल घालायला मुबलक माणसं लागतात आणि पोटाला चार महिने दम लागतो. तो ज्याच्यापाशी, त्याच्यापाशी काळं रान आधीच होतं.

आजीला साल विचारलं की ती कामाचं नाव सांगायची. रस्त्याचं काम, खडीचं काम, तलावाचं काम. बहात्तरच्या दुष्काळात तिनं तिन्ही केली. नीट बोलायचं तर तो बहात्तरचा एकट्याचा दुष्काळ नव्हता. आधीच्या दोन वर्षांनीही हात आखडलेलाच होता, आणि 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या जवळपास माणसं होती. मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी, तिच्या काळपट भाकरी, पोरांना वाटायची सुकडी, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, म्हणून मी इथं आटोपतं घेतो. आजीच्या सांगण्यात मला नेहमी वेगळंच काही अडकून राहिलं. तलावाच्या कामावर तिला कळेना की हा तलाव पाणी साठवायचा आहे की नाही. मुकादम सांगायचा, हा पाझर तलाव आहे, यानं गळायचंच असतं. आजी म्हणायची, “गळका हंडा कुणी मुद्दाम घडवून घेतंय व्हय रं? आमी बाया हसून हसून मरायचो, आन् पाटी उचलायचो.”

पुढं त्या गळण्याचा अर्थ तिला कळला. तलावाखालच्या विहिरींना जानेवारीपर्यंत पाणी टिकायला लागलं. फक्त त्या विहिरी तिच्या नव्हत्या. तलाव बांधायला गावची दोन-अडीचशे माणसं राबली आणि खाली विहिरी होत्या मोजक्या घरांच्या. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांतल्या बहुतेकांचं रान एक तर वरच्या अंगाला होतं, नाही तर नव्हतंच. रोजगार हमीमागं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती. दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि देशानं पुढं तिच्यावरून बरंच काही घेतलं. मी तिला नावं ठेवणार नाही, आमचं घर त्या कामांवर जगलं आहे. पण कामाची मजुरी आणि कामातून झालेलं पाणी या दोन गोष्टी कुणी एकत्र मोजल्या नव्हत्या. मोजल्या त्या एका कारखानदारानं.

विलासराव साळुंखे पुण्यातले इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेले. दुष्काळात ते या बाजूला आले ते मदतीच्या निमित्तानं. 1974 मध्ये त्यांनी नायगावच्या देवस्थानची 40 एकर पडीक जमीन 50 वर्षांच्या करारानं घेतली आणि त्याच वर्षी ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं. पंचक्रोशीत हसू झालं. पुण्याचा माणूस, पैसा असलेला, आणि घेऊन घेऊन घेतली कुठली, तर देवालाही न पिकलेली. आप्पा तेव्हा विशीत होते. आठवडी बाजारात या विषयावर पैजा लागल्याचं ते सांगतात. कोण जिंकलं हे मात्र सांगत नाहीत.

नायगावात जे केलं त्यात कुठलंच यंत्र नवलाचं नव्हतं. उताराला आडवे, समपातळीवर बांध घातले. म्हणजे धावतं पाणी प्रत्येक बांधाशी थबकतं, माती तिथंच टाकतं आणि मुरतं. डोंगराच्या पायथ्याला पाझर तलाव, तलावाच्या खाली विहीर, विहिरीतून पाणी पुन्हा वर उचलून रानात. चढाच्या, अगदीच नापीक भागात झाडं आणि गवत. आजीनं ज्याला गळका हंडा म्हटलं होतं, त्याचं गळलेलं पाणी इथं एकाच हिशेबात परत वर चढत होतं. त्या हलक्या रानात बाजरी-गहू उभा राहिला आणि हसणाऱ्यांनी बांधावर जाऊन कणसं चाचपून पाहिली.

खरी गंमत पुढची. त्या 40 एकरांवरून एक आकडा निघाला: पाण्याची हमी असेल तर अर्ध्या एकरात एका माणसाचं वर्षाचं भागतं. त्यावरून नियम झाला, आणि तो जेव्हा आजूबाजूच्या गावांत पोचला तेव्हा त्याला पाणी पंचायत हे नाव पडलं होतं. पाणी रानाच्या एकरांवर मिळायचं नाही, घरातल्या डोयांवर मिळायचं. डोईमागं अर्धा एकर, घरामागं जास्तीत जास्त अडीच एकर. रान नसलेल्यालाही त्याचा वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही, तो गटाकडं परत. ऊस लावायचा नाही. उपसा योजनेच्या खर्चातला 20 टक्के वाटा गावानं रोख घालायचा. 50 टक्के सरकारी अनुदान, राहिलेले 30 टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज.

आमच्या गावात यावर देवळात बैठका झाल्या. त्यांच्या गोष्टी आप्पा, आजी आणि आमचे एक आजे-मामा अशी तिघं तीन तऱ्हांनी सांगायची. आजे-मामा म्हणजे आजीचे भाऊ. त्यांच्या नावावर घरापुरती जागा सोडून काही नव्हतं.

पहिली रात्र डोई म्हणजे काय यात गेली. मुंबईत गिरणीत असलेला भाऊ धरायचा की नाही? तो गणपतीला येतो, पण पैसे दरमहा पाठवतो. लग्न ठरलेली पोर धरायची का, आणि धरली तर ती नांदायला गेल्यावर तिचा अर्धा एकर कुणाचा? पोटातलं मूल? यावर म्हणे एका म्हाताऱ्यानं, आधी रडू दे, मग लिहू, असा निकाल दिला आणि तो सगळ्यांनी मानला. आमचं अकरा माणसांचं खटलं; घरामागं अडीच एकराची मर्यादा आडवी आली तेव्हा आजोबांनी आठवड्यात वेगळं रेशनकार्ड काढून कागदावर दोन चुली केल्या. जेवण एकाच चुलीवर होत राहिलं. हे आप्पा खाली मान घालून आणि आजी मान वर करून सांगायची.

दुसरा तंटा मोठा. काळ्या रानाची चारपाच घरं म्हणाली, आमच्या वीस एकरांना तेवढंच पाणी आणि ज्याला गुंठा नाही त्यालाही तेवढंच, हा कुठला न्याय? आजे-मामा त्या बैठकीत दाराशी बसले होते. त्यांनी विचारलं, तलावाच्या कामावर पाटी उचलताना रान किती ते कुणी विचारलं होतं का? हे वाक्य आमच्या घरात शंभरदा सांगितलं गेलंय, आणि शंभर वेळा घासून ते कदाचित मूळ होतं त्याहून धारदार झालं असेल. पण त्यांना वाटा मिळाला हे खरं. त्यांनी तो दुसऱ्याच्या रानात अर्धेलीनं लावला. रान त्याचं, पाणी यांचं, राबणूक दोघांची, पीक निम्मं-निम्मं. गावात तोवर पाणी ही रानाची शेपटी होती. पाण्याच्या जोरावर रानवाल्याशी बरोबरीनं बोलणारा माणूस त्या वर्षी पहिल्यांदा दिसला.

पाणी वाटून घेणं तसं नवं नव्हतं; खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा, पाट, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळणार, गाव त्याला दाणे देणार. ती समजूत पिढ्यांनी मुरवलेली होती आणि तिच्यामागं वाहती नदी होती. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. म्हणून मला त्या चारदोन रात्रींचं फार वाटतं; तिकडं शतकांनी जमवलेलं इथं लोक एका उन्हाळ्यात भांडून ठरवत होते.

उसावर मात्र आप्पा भांडले. जन्मभर खालचं वैभव ऐकलेलं. पाणी आलं आणि ऊस नाही, तर मग पाणी कशाला, हा त्यांचा सवाल होता. त्याचं उत्तर गव्हानं दिलं, सावकाश. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात बसतो आणि तेवढा काळ पाणी मागत राहतो. गहू चार महिन्यांचा पाहुणा, आणि त्याला पाणी किती यापेक्षा केव्हा याला किंमत. तीन पाणी देता येत असतील तर पेरल्यापासून 21, 42 आणि 65 दिवसांच्या आसपास. दोनच असतील तर 21 आणि 65. एकच असेल तर 42 च्या सुमारास. पहिल्या पाण्याला मुकुटमुळं फुटतात, शेवटच्याला फुलोरा आणि दाणा. हे कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत छापलेलं असतं, पण आमच्या घरी ते दिवाळीपासून मोजलं जाई. आजी पेरणीच्या दिवशी भिंतीवर गेरूची रेघ मारायची आणि रोज एक वाढवायची. पाटकरी पाळी सांगायला आला की ती रेघा मोजून त्याच्याशी हुज्जत घालायची. रात्री दारं धरायला आप्पा, कंदील धरायला माझे वडील.

ज्या रानात बाजरीची दोन-अडीच पोती म्हणजे बरं साल, तिथं सहा-सात निघू लागली आणि त्यामागून गहू-हरभरा आला. अडीच-अडीच एकरांवर. बाकीचे पंधरा एकर तसेच कोरडे, पण त्यांचा राग राग करणं थांबलं. आप्पा आता म्हणतात, वीस एकर जिरायत कसून दमायचो त्यापेक्षा पाच एकरांत जास्त पिकवून झोपायचो. होळीची बाजरी विकत आणणं बंद झालं ते तेव्हा.

हे सगळं टिकलं असतं तर मी ते इतिहास म्हणून लिहिलं नसतं. आमची योजना आठ-दहा वर्षं बरी चालली, मग खुरडत. मोटार जळली की वर्गणीचा वाद. वीजबिल थकलं की कनेक्शन तुटायचं, आणि ज्याची पाळी होऊन गेली आहे त्याला घाई नसायची. एकेकानं स्वतःची विहीर खोल केली. मग बोअर आले. बोअरला डोई कळत नाही. ज्याची खोल, त्याचं पाणी. त्यातल्या काहींनी ऊसही लावला, कारखान्याची गाडी बांधावर येते आणि पट्टी बँकेत पडते, गव्हाचं तसं नाही. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा हिस्सा जेमतेम चार टक्क्यांच्या घरात आणि सिंचनाच्या पाण्यातला हिस्सा निम्म्याहून पुष्कळ जास्त, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी लावणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. एकट्याच्या वहीत ऊस फायद्याचाच येतो. तो तोट्याचा दिसायला वही गावाची लागते, आणि ती वही आम्ही मिटली. आजे-मामांचा अर्धेलीचा वाटा पहिला गेला, आवाज न होता. 2002 मध्ये साळुंखे गेले. काही गावांत पंचायतीचं काम पुढंही चाललं. आमच्यात नाही.

माळाचं पुढं भलतंच झालं. 1990 मध्ये राज्यानं फळबागा रोजगार हमीला जोडल्या. खड्डे, रोपं, मजुरी सगळ्याला पैसा मिळू लागला. तेव्हा कळलं की अंजीर आणि सीताफळ यांना आमचाच मुरूम आवडतो. काळ्या, चिबड रानात अंजिराची मुळं कुजतात. इथं पाणी पायाशी थांबत नाही. सीताफळाला तर मुद्दाम ताण द्यायचा असतो, पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, आणि मग पहिलं पाणी देऊन बहार धरायचा. पिढ्यान् पिढ्या ज्याला दुष्काळ म्हटलं तो आता महिन्यांच्या हिशेबानं, ठरवून द्यायचा झाला. अंजिराचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार. 2016 मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या चुलतभावानं पोटखराब्याच्या कडेला ठिबकवर सीताफळ लावलं आहे आणि मेंढरांच्या त्या माळानं त्याच्या मुलीला पुण्यात इंजिनिअर केलं. आजीनं तो बाग पाहिला, पण ठिबकच्या नळ्यांवर तिचा विश्वास कधी बसला नाही. पाणी दिसत नाही म्हणजे पोचत नाही, असं ती म्हणे, आणि कुणी बघत नसलं की झाडाच्या बुडात तांब्या ओतायची.

आणि आता पुन्हा पड. फरक इतकाच, की यंदाची पड तारेच्या कुंपणातली आहे. 2016 पासून विमानतळाचं नाव तालुक्यात फिरतंय. ज्या सात गावांची जमीन त्यात धरली आहे त्यांत खानवडीही आहे. तिथले लोक मोर्चे काढतात, तर आमच्यासारख्या आसपासच्या गावांत दलाल मोटारसायकली फिरवतात. गुंठ्यानं विकलेल्या रानात नाव कोरलेली फरशी, चार खांब आणि गुडघाभर कुसळ. बांध फोडून रस्ता केलेला, त्यामुळं वरचं पाणी पुन्हा सरळ ओढ्याला. ती जुनी ताल एका प्लॉटच्या हद्दीत गेली. तिचे दगड कुंपणाच्या पायाला बरे पडतील असं मालकाला कुणी तरी सुचवलंय.

गेल्या उन्हाळ्यात एक दलाल आप्पांकडं आला. माळाच्या खालचा, योजनेच्या विहिरीला लागून असलेला तुकडा पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाला पसंत होता. विहीर रानासोबत येईल ना, त्यानं विचारलं. आप्पांनी त्याला पाणी पंचायतीचा नियम सांगितला, की जमीन विकली तर पाणी गटाकडं जातं, विकणाऱ्याच्या हातात ते नसतंच. दलाल गोंधळला. गट कुठं आहे आता, त्यानं विचारलं. आप्पा म्हणाले, कागद काढून बघतो, रजिस्टर आहे आमच्या पेटीत, त्यात सगळ्यांच्या डोया आहेत, तुझ्या आज्याचीपण. त्यानं वहीत काही तरी लिहिलं, सदस्यांच्या सह्या घ्यायला किती दिवस लागतील ते विचारलं, आणि चहा न पिता पुढच्या घरी गेला. आप्पांनी रजिस्टर काढलं आहे. आजे-मामांच्या नातवंडांना फोन करून झाला. बाकीच्यांचे नंबर शोधतायत.